रिव्हॉल्व्हरच्या दोन फटी : सिलिंडर गॅप आणि हेडस्पेस कसे मोजावे

निवडणुकीच्या काळात ज्या परवानाधारकांना आपले शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, ते शस्त्र परत मिळाल्यावर बहुतेक वेळा दोनच गोष्टी पाहतात : नंबर बरोबर आहे का, आणि गंज चढला आहे का. सोलापूर जिल्ह्यात २०२४ साली ७ मे रोजी लोकसभेचे आणि २० नोव्हेंबर रोजी विधानसभेचे मतदान झाले, म्हणजे काहींच्या बाबतीत ही ने-आण एका वर्षात दोनदा घडली असेल. माझी विनंती अशी आहे की रिव्हॉल्व्हर परत घरी आल्यावर, किंवा एरवीही वर्षातून एकदा, त्यातील दोन फटी मोजाव्यात आणि ती मापे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. त्यांपैकी एक फट सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या नळकांड्याच्या, पुढे असते आणि दुसरी मागे. या दोन्ही फटी एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे केवळ एक आकडा घेऊन समाधान मानले तर तो आकडा आपली दिशाभूल करतो. हा लेख लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

आपल्याकडे सर्वसामान्य परवान्यावर बहुधा .३२ बोअरचेच रिव्हॉल्व्हर आढळते. कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारे .३२ हे वेब्ली घराण्यातील, म्हणजे बिजागरीवर मधोमध मोडणारे आहे. २०१४ साली आलेले 'निर्भीक' त्याच पद्धतीचे. २०२३ साली आलेल्या 'प्रबल'मध्ये मात्र सिलिंडर बाजूला बाहेर येतो. मापाच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि त्याकडे मी पुढे परत येणार आहे.

प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. सिलिंडरचा पुढचा चेहरा आणि बॅरलचे मागचे तोंड यांच्यात जी बारीक फट असते तिला सिलिंडर गॅप म्हणतात. सिलिंडरला फिरायचे असल्यामुळे ही फट असावीच लागते, आणि ती असल्यामुळेच प्रत्येक बाराच्या, म्हणजे गोळी झाडण्याच्या, वेळी तप्त वायूचा एक पातळ पट्टा दोन्ही बाजूंना बाहेर पडतो. रिव्हॉल्व्हर धरताना दुसऱ्या हाताचे बोट सिलिंडरच्या पुढच्या कडेजवळ कधीही जाऊ देऊ नये, कारण हा वायू कातडी चिरू शकतो. हेडस्पेस ही मागच्या बाजूची गोष्ट आहे. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला कड असते, ती कड सिलिंडरच्या मागच्या चेहऱ्यावर टेकते, आणि तिच्या मागे चौकटीची पोलादी भिंत असते, जिला रिकॉइल शील्ड म्हणतात. कड टेकते त्या जागेपासून या भिंतीपर्यंतचे अंतर म्हणजे हेडस्पेस. त्यातून कडेची जाडी वजा केली की जी मोकळीक उरते, ती आपण फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पोलादी पानांच्या जुडग्याने, प्रत्यक्ष मोजू शकतो.

साधने थोडीच लागतात. गॅरेजमधील मिस्त्री टॅपेट सेट करताना जे फिलर गेज वापरतात तेच येथे चालते, मात्र त्यात ०.०५ मिमीचे सर्वांत पातळ पान शाबूत असले पाहिजे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचे काम करणाऱ्या कारखान्यांत ज्यांनी वेळ घालवला आहे त्यांना 'थाऊ' हा शब्द परिचयाचा असेल. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५४ मिमी. बंदूक दुरुस्त करणारे कारागीर आणि जुनी पुस्तके थाऊमध्येच बोलतात, आपल्या बाजारातील गेज मात्र मिलिमीटरमध्ये असते, म्हणून चार थाऊ म्हणजे ०.१०, सहा म्हणजे ०.१५, आठ म्हणजे ०.२० आणि बारा म्हणजे ०.३० मिमी एवढे कोष्टक लक्षात ठेवले तरी पुरते. याशिवाय एक चांगला व्हर्नियर, जुना दात घासण्याचा ब्रश, सुती फडके, आणि प्रायमर (बुडातील, दारू पेटवणारी टोपी) काढून टाकलेली एक रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचे धातूचे कवच, हवी. उडालेल्या पुंगळीचा प्रायमर बऱ्याचदा किंचित बाहेर आलेला असतो आणि त्यामुळे माप चुकते, म्हणून प्रायमर काढलेलीच पुंगळी घ्यावी. आपल्याकडे ती नसेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे चौकशी करावी, घरी जिवंत काडतुसावर कसलाही प्रयोग करू नये.

आता सर्वांत आधीची पायरी, जिच्यात कोणतीही सवलत नाही. रिव्हॉल्व्हर उघडून सिलिंडरमधील काडतुसांची सहाही घरे रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी करावी आणि नंतर करंगळीचे टोक प्रत्येक घरावर फिरवून पुन्हा करावी. सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवावीत. मोजमाप होईपर्यंत बॅरलचे तोंड ज्या दिशेला पक्की भिंत आहे तिकडेच राहील अशी बैठक घ्यावी. घरातील लहान मुले आणि परवाना नसलेली माणसे त्या खोलीत नसावीत, आणि कोणाला मदतीला बोलावून शस्त्र त्याच्या हाती देऊ नये. मध्येच फोन आला किंवा कोणी दार वाजवले तर परत आल्यावर सहाही घरे पुन्हा तपासावीत, मग ती कितीही वेळा तपासलेली असोत.

त्यानंतर स्वच्छता, आणि येथे मी वाचकाला थोडे थांबवू इच्छितो, कारण घरी घेतलेली निम्मी चुकीची मापे या पायरीच्या घाईतून येतात. सिलिंडरच्या पुढच्या चेहऱ्यावर बारांचा काळा थर बसतो. तो हाताला गुळगुळीत लागतो, म्हणून अनेकांना तो पोलादाचाच रंग वाटतो, पण त्याची जाडी फट कमी दाखवण्यास पुरेशी असते. तो तेलात भिजवून, फडक्याने आणि ब्रशने काढावा. सँडपेपर किंवा पॉलिश पेपर त्या चेहऱ्यावर अजिबात लावू नये, कारण एकदा घासलेले पोलाद परत येत नाही. दुसरी आणि अधिक फसवी जागा म्हणजे पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या भागाची खालची बाजू. रिव्हॉल्व्हर आडवे धरून पुंगळ्या काढल्या की न जळलेल्या दारूचा एखादा कण त्या चांदणीखाली जाऊन बसतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवेतील बारीक धूळ तेलावर चिकटून तेथेच साठते. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान असा तो कण चांदणीला दहा-पंधरा शतांश मिलिमीटर उचलून धरतो, त्यामुळे पुंगळीची कड मागे सरकते, हेडस्पेस कमी भरते आणि सिलिंडर एखाद्या घरावर अडल्यासारखा फिरतो. चांदणी पूर्ण बाहेर दाबून धरावी, तिच्या खालची प्रत्येक पाकळी कोरड्या ब्रशने झाडावी, आणि शेवटी सर्व तेल पुसून टाकावे. गेजच्या पानांवरही कारखान्याचे तेल असते. तेही पुसावे.

मोजण्यासाठी रिव्हॉल्व्हर घडी घातलेल्या टॉवेलवर आडवे ठेवावे. सिलिंडर बाराच्या क्षणी जसा घट्ट अडकलेला असतो त्याच स्थितीत माप घ्यायचे असल्यामुळे ट्रिगर मागे ओढलेला आणि हॅमर अंगठ्याने सावकाश खाली उतरवलेला असला पाहिजे. एका हाताने ट्रिगर धरून दुसऱ्याने सिलिंडर दाबायचा म्हटले तर पान सरकवायला हात उरत नाही. मी टॉवेलच्या काठाची एक मऊ पट्टी घेऊन ट्रिगर मुठीशी बांधून टाकतो. शस्त्र रिकामे असल्याची खात्री दोनदा झालेली असल्याशिवाय ही पट्टी बांधू नये, आणि काम संपताच ती सोडावी.

आधी पुढची फट. सिलिंडर डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने पुढे, बॅरलकडे दाबून धरावा आणि ०.०५चे पान फटीत सरळ, तिरपे न होऊ देता सरकवून पाहावे. ते सहज गेले तर ०.१०, मग ०.१५. जे पान हलकी ओढ लागत आत-बाहेर होते ते खरे माप. पान ढकलावे लागत असेल तर ते माप नव्हे, कारण ढकललेले पान सिलिंडरला मागे सरकवते आणि आपल्याला हवी तशी फट स्वतः तयार करून घेते. मधली मापे हवी असतील तर दोन पाने जोडता येतात, पण दोनापेक्षा अधिक जोडू नयेत, कारण प्रत्येक जोडणीत तेलाचा पापुद्रा आणि पानाचा बाक मिसळतो. आता तोच सिलिंडर मागे, रिकॉइल शील्डकडे दाबून धरावा आणि पुन्हा मोजावे. या वेळी फट मोठी भरेल. दोन्ही मापांमधील फरक म्हणजे सिलिंडरची मागे-पुढे होणारी हालचाल, जिला कारागीर एंडशेक म्हणतात. हे सर्व सहाही घरांवर करायचे आहे, आणि प्रत्येक घरावर पान एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून घालायचे आहे. एका बाजूने ०.१५ आणि दुसऱ्या बाजूने ०.२० येत असेल तर बॅरलचे तोंड काटकोनात नाही. सहांपैकी एका घरावरच फट कमी येत असेल तर दोष सिलिंडरच्या चेहऱ्याचा आहे.

मग मागची फट. प्रायमर काढलेली पुंगळी घरात घालण्यापूर्वी तिच्या कडेची जाडी व्हर्नियरने तीन-चार जागी मोजून लिहावी. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग या काडतुसाच्या कडेची कमाल जाडी ०.०५५ इंच, म्हणजे सुमारे १.४० मिमी आहे, आणि प्रत्यक्षात ती थोडी कमीच भरते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील पुंगळीच्या बुडावर 'के. एफ.' ही अक्षरे असतात. वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांच्या कडा सारख्या जाडीच्या असतीलच असे नाही, म्हणून दरवर्षी तीच एक पुंगळी वापरावी आणि ती गेजच्या डबीतच ठेवावी. पुंगळी वरच्या, म्हणजे बॅरलसमोरच्या घरात आणावी, आणि तिचे बूड व मागची भिंत यांच्यामध्ये पान सरकवावे. हॅमर खाली असताना फायरिंग पिनचे टोक बाहेर आलेले असते, त्यामुळे पान मधोमध न घालता पिनच्या बाजूने घालावे. अरुंद पान मिळाले तर उत्तम. येथेही सिलिंडर एकदा मागे आणि एकदा पुढे दाबून दोन मापे घ्यायची आहेत. मोकळीक अधिक कडेची जाडी बरोबर हेडस्पेस.

आता या दोन फटींचे नाते पाहू. सिलिंडर जितका पुढे जातो तितकी पुढची फट कमी होते आणि मागची तितकीच वाढते. म्हणून एकाच घरावर 'पुढची फट अधिक मागची मोकळीक' ही बेरीज सिलिंडर कोठेही दाबला तरी तेवढीच आली पाहिजे. आपले माप बरोबर आहे की नाही, हे सांगणारी याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही. बेरीज ०.०५ पेक्षा अधिक फरकाने चुकत असेल तर पान ढकलले गेले आहे, नाहीतर चांदणीखाली अजून काहीतरी आहे.

हे मला उशिरा कळले. वडिलांनंतर रीतसर परवान्यावर माझ्याकडे आलेल्या रिव्हॉल्व्हरची पुढची फट मी बॅरल खाली झुकवून मोजत असे. सिलिंडर आपल्या वजनाने पुढे येई, पान ०.१० दाखवी, आणि दोन वर्षे मी त्या आकड्यावर निश्चिंत राहिलो. त्यानंतर सरावाच्या वेळी सहांपैकी एक-दोन काडतुसे पहिल्या ठोक्याला पेटेनाशी झाली. प्रायमरवरील खूण उथळ दिसत होती. मी दोष काडतुसांना दिला, नंतर हॅमरच्या स्प्रिंगला. शेवटी एका जुन्या कारागिराने सिलिंडर मागे दाबून तेच माप घेतले तेव्हा पान ०.२५चे गेले. मागची मोकळीक सिलिंडर मागे असताना ०.२० होती आणि पुढे असताना ०.३५. दोन्ही वेळा बेरीज ०.४५, म्हणजे मापे खरी होती, आणि सिलिंडर सहा थाऊ मागे-पुढे खेळत होता. पिन प्रायमरवर आदळताच सिलिंडर आणि काडतूस दोन्ही पुढे सरकत आणि ठोक्याचा जोर त्यातच जाई. मी लिहिलेला ०.१० हा आकडा खोटा नव्हता, पण तो अर्धाच होता.

आकड्यांचा अर्थ लावताना कारखान्याने दिलेली मर्यादा उपलब्ध असेल तर तीच प्रमाण मानावी. ती नसेल तेव्हा कारागिरांमध्ये रूढ असलेला हिशेब असा आहे : पुढची फट चार ते आठ थाऊ, म्हणजे ०.१० ते ०.२० मिमी, ही चांगली, आणि सहा थाऊ अगदी योग्य. दोन-तीन थाऊच्या खाली गेली तर थोड्याच बारांनंतर काजळी साचून आणि सिलिंडर तापून तो घासू लागतो. दहा थाऊपर्यंत काम चालते, बारा थाऊच्या वर मात्र वायू बराच वाया जातो, गोळीचा वेग घटतो, शिशाचे बारीक कण बाजूला उडतात आणि बॅरलच्या वरील पट्टीवर आडवी खाच पडू लागते. एंडशेक दोन-तीन थाऊपर्यंत क्षम्य आहे, पाचाच्या वर तो दुरुस्तीचाच विषय होतो. हेडस्पेससाठी अंदाज यावा म्हणून .३८ स्पेशलचे अमेरिकी उद्योगमानक सांगतो. त्यात कमाल कड ०.०५९ इंच आणि हेडस्पेस ०.०६० ते ०.०७४ इंच धरले आहे, म्हणजे पूर्ण जाडीच्या कडेमागे जास्तीत जास्त १५ थाऊ, सुमारे ०.३८ मिमी मोकळीक चालते. त्याच धर्तीवर .३२मध्येही सिलिंडर पुढे असताना मोकळीक ०.३५च्या पुढे जाऊ लागली की मी ते कारागिराकडे नेण्याचे कारण समजतो. उलट टोकाला, सिलिंडर मागे असताना ०.०५चे पानही जात नसेल तर काडतुसाचे बूड भिंतीला घासून सिलिंडर अडण्याचा धोका आहे.

आता बिजागरीच्या आणि बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमधील फरकाकडे येतो. 'प्रबल'सारख्या रचनेत बॅरल आणि मागची भिंत एकाच अखंड चौकटीत असतात, त्यामुळे बेरीज बदलत नाही, बदलतो तो फक्त सिलिंडरचा खेळ. वेब्ली पद्धतीत मात्र बॅरल आणि सिलिंडर एका तुकड्यावर असतात, मागची भिंत दुसऱ्या तुकड्यावर, आणि दोहोंना खालची बिजागरी व वरचा खटका धरून ठेवतो. बिजागरीचा पिन किंवा खटका झिजला तर पुढची फट जशीच्या तशी राहते आणि हेडस्पेस एकटेच वाढते. जे केवळ पुढची फट मोजतात त्यांना हा दोष कधीच दिसत नाही. तो शोधण्यासाठी सिलिंडर पुढे दाबलेला ठेवून बॅरल किंचित वर उचलावे, मग खाली दाबावे, आणि दोन्ही वेळा मागची मोकळीक मोजावी. दोन मापांत फरक पडला तर तो खटक्याचा खेळ. रिव्हॉल्व्हर झटक्याने, एका हाताने बंद करण्याची सवय या खटक्याला फार लवकर झिजवते. दोन्ही हातांनी सावकाश बंद करावे.

अनेकजण विचारतात की मे महिन्यात सोलापुरात पारा ४३ अंशांवर असताना घेतलेले माप थंडीतल्या मापाशी जुळेल का. पोलाद दर अंशाला दर मीटरला सुमारे १२ मायक्रॉन वाढते. सिलिंडर ४० मिमी लांब धरला आणि जानेवारीची पहाट व मेची दुपार यांत २८ अंशांचा फरक मानला तरी वाढ ०.०१३ मिमी, म्हणजे अर्धा थाऊ भरते, आणि चौकटही तितकीच वाढत असल्यामुळे फटीवर त्याचा परिणाम जवळपास शून्य असतो. बार काढल्यावर लगेच मोजणे मात्र टाळावे, कारण तेव्हा सिलिंडर चौकटीपेक्षा अधिक तापलेला असतो.

मापे बिघडलेली दिसली तर पुढचे काम आपले नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्र दुरुस्तीसाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि त्यापलीकडे, हे काम कौशल्याचे आहे. बाजूला उघडणाऱ्या रचनेत एंडशेक दोन थाऊच्या पातळ वॉशरने भरून काढता येतो. चौकटीत आट्यांवर बसवलेले बॅरल वाढलेल्या फटीसाठी थोडे मागे घेता येते. वेब्ली पद्धतीत बॅरल आणि वरची पट्टी एकाच तुकड्याची असल्यामुळे तो मार्ग नाही, तेथे सिलिंडर बदलणे किंवा बिजागरी व खटका नव्याने बसवणे हाच उपाय उरतो. कोणी बॅरलच्या तोंडावर कानस फिरवून 'फट मोकळी करून देतो' असे म्हणाला तर शस्त्र तेथून परत आणावे.

कारागिराकडे जाताना शस्त्राबरोबर मूळ परवाना, ती मोजमापाची पुंगळी आणि वही घेऊन जावे. माझ्या वहीत प्रत्येक वर्षाला एक पान आहे : वर तारीख आणि त्या वर्षी झालेले बार, खाली सहा ओळी, प्रत्येक ओळीत पुढची फट दोन स्थितींत, मागची मोकळीक दोन स्थितींत, आणि शेवटी बेरीज. घरांना क्रमांक देताना सिलिंडरवर खूण कोरू नये. त्यावर आधीच असलेली एखादी ओळखीची खूण किंवा अंक ज्या घराजवळ आहे त्याला पहिले घर मानावे आणि सिलिंडर ज्या दिशेने फिरतो त्या क्रमाने पुढे मोजावे, म्हणजे पुढच्या वर्षी तिसऱ्या घराचे माप तिसऱ्याच घराशी ताडून पाहता येते.